बेळगाव-निपाणी भागातल्या गरोदर बायका आणि बाळांच्या अभ्यासासाठी फुकटात नकाशा कसा करायचा? डेटा कुठं मिळतो?

निपाणीची_सिस्टर

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावात एमएससी नर्सिंग करतेय, कम्युनिटी हेल्थ. माहेर कोगनोळीकडचं, म्हणजे निपाणी तालुक्यात अगदी महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. प्रबंधाचा विषय असा की गावापासून दवाखाना किती लांब आहे ह्याचा गरोदर बाईच्या नावनोंदणीवर, तपासण्यांवर आणि दवाखान्यातल्या बाळंतपणावर काय परिणाम होतो. तक्ते करून झाले, पण गाईड म्हणाले लांब-जवळचं बोलतेस तर नकाशावर दाखव, आणि ते मला पटलं. आर्कजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स घेणं झेपणारं नाही म्हणून फुकटातलं क्यूजीआयएस उतरवून घेतलं आणि गेले तीन आठवडे रात्री बसून शिकतेय.

आत्तापर्यंत जिथं अडले ते सांगते.

पीएचसीभोवती (प्राथमिक आरोग्य केंद्राभोवती) ५ किलोमीटरचं वर्तुळ काढायला बफर नावाच्या साधनात ५ टाकलं तर एवढं मोठं वर्तुळ आलं की मुंबई आणि बेंगळूरु दोन्ही आत गेली.

मग २०११ च्या जनगणनेचा तक्ता तालुक्यांच्या नकाशाला जोडला तर निपाणी, कागवाड, मुडलगी कोरेच राहिले.

आणि तिसरं ज्याच्यामुळं खरं तर इथं विचारतेय. एचएमआयएसवरनं, म्हणजे दवाखान्यांच्या आकड्यांच्या सरकारी पोर्टलवरनं, बाळंतपणाचे आकडे काढून रंग भरले तर आमची हद्दीकडची बाजू एकदम फिकी दिसते, जणू तिकडं बाळंतपणं होतच नाहीत. अहो आमच्या गल्लीत गेल्या वर्षभरात तीन घरांत पाळणे बांधलेत! मग ती पोरं गेली कुठं आकड्यांतनं? माझं काही चुकतंय का डेटाच तसा आहे?

फुकटातली साधनं, डेटा कुठनं घ्यावा, काय घेऊ नये, जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

चिकोडीचा_नकाशेवाला

ताई पहिल्या दोन गोष्टी सोप्या आहेत, तिसरीवर दुसरं कोणीतरी माझ्यापेक्षा नीट सांगेल.

वर्तुळाचं असं झालंय की तुमची लेयर (नकाशाचा थर) अक्षांश-रेखांशात आहे, म्हणजे तिला किलोमीटर कळत नाही, तिला अंश कळतात. तुम्ही ५ टाकले ते ५ अंश झाले, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटर. लेयरवर राइट क्लिक, एक्सपोर्ट, आणि सेव्ह करताना सीआरएस (नकाशाची मोजपद्धत) ईपीएसजी ३२६४३ निवडा. हा यूटीएम ह्या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर झोन, आपला बेळगाव, कोल्हापूर, सांगली सगळं ह्यात बसतं. नव्या फाईलवर बफर काढताना ५००० टाका, मीटरमध्ये. मी हीच चूक तलावांच्या कामात केली होती आणि दोन दिवस कॉम्प्युटर बिघडला असं समजून बसलो होतो.

कोऱ्या तालुक्यांचं कारण म्हणजे २०११ साली आपल्या जिल्ह्यात १० च तालुके होते, बेळगाव, खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाक, हुक्केरी, रायबाग, चिकोडी, अथणी. निपाणी चिकोडीतनं निघाला, कागवाड अथणीतनं, मुडलगी गोकाकमधनं, कित्तूर बैलहोंगलमधनं, हे सगळं नंतरचं. जनगणनेच्या तक्त्यात ही नावंच नाहीत तर जुळणार कशी? उपाय एकच, तालुक्याच्या पातळीवर जोडूच नका, गावाच्या पातळीवर जोडा, प्रत्येक गावापुढं आजचा तालुका लिहा, मग डिझॉल्व्ह करून, म्हणजे एका तालुक्याची गावं एकत्र मिसळून, नवे तालुके तयार करा. वेळ जातो पण एकदा केलं की कायमचं.

गावांच्या हद्दी कर्नाटकच्या बाजूच्या के-जीआयएस पोर्टलवर फुकट मिळतात, सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन मॅप्सवर नाव नोंदवून मिळतात, आणि श्रग म्हणून एक डेटासेट आहे त्यात जनगणनेची गावं, त्यांचे आकडे आणि हद्दी एकत्र जुळवून ठेवलेल्या आहेत, नवख्यानं तिथनंच सुरू करावं असं मी म्हणेन.

आणि नावावर कधीही जॉइन करू नका!! एकाच फाईलीत बेलगाम, दुसरीत बेळगावी, चिकोडीला एक क की दोन, निपाणीला एक प की दोन, इंग्रजी स्पेलिंगचा नुसता गोंधळ आहे. खानापूर तर दोन आहेत, एक आपलं आणि एक सांगली जिल्ह्यातलं, मी एकदा विट्याकडची लोकसंख्या आपल्या खानापूरला चिकटवली होती. कोडवर जोडा. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकाचा कोड २९, महाराष्ट्राचा २७, बेळगाव जिल्ह्याचा ५५५. नव्या सरकारी डेटात एलजीडीचे (केंद्राच्या गाव-तालुक्यांच्या यादीचे) कोड असतात ते वेगळे, दोन्हींची जोडयादी करून ठेवा. एक्सेलमध्ये कोडचा कॉलम आधी टेक्स्ट करा, नाहीतर सुरुवातीचं शून्य खातो.

तुम्ही हद्दीवरच्या आहात म्हणून अजून एक. ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून केलेल्या फुकट नकाशाचा) डेटा जिओफॅब्रिक ह्या साइटवरनं घ्याल तर भारताचे झोन पाडलेत, कर्नाटक सदर्न झोनमध्ये आणि महाराष्ट्र वेस्टर्न झोनमध्ये. एकच घेतलात तर कोगनोळीच्या पुढं रस्ता संपलेला दिसेल. दोन्ही घ्या आणि मर्ज करा. थोडाच भाग हवा असेल तर क्यूजीआयएसमधलं क्विकओएसएम प्लगइन (जोडसाधन) बरं, पडद्यावर दिसतो तेवढ्या भागातले दवाखाने, रस्ते थेट ओढून घेता येतात.

आकडे_आणि_माणसं

तिसऱ्या प्रश्नावर मी बोलतो कारण मी त्यात पोळलोय.

तुमचं चुकलेलं नाही. एचएमआयएसमध्ये बाळंतपण जिथं झालं त्या दवाखान्याच्या नावावर चढतं, बाई कुठल्या गावची ते त्यात नसतं. म्हणजे कोगनोळीची बाई कागलला किंवा कोल्हापूरला बाळंत झाली तर तो आकडा महाराष्ट्राच्या खात्यावर. तिकडं कागवाड-अथणीकडच्या बायका मिरजेला जातात, मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव. त्यामुळं आपल्या हद्दीची गावं फिकी आणि पलीकडची शहरं गडद. त्या नकाशावरनं कोणी निष्कर्ष काढला की निपाणीकडं बायका दवाखान्यात जात नाहीत, तर तो साफ उलटा निष्कर्ष होईल.

त्यात आपली माहेरची रीत धरा. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी निघाली माहेरला, आणि इकडं तर अर्ध्या सोयरिकी हद्दीपलीकडच्याच. नाव नोंदवलं सासरच्या उपकेंद्रात, दोन-तीन तपासण्या तिथं, उरलेल्या माहेरच्या गावात, बाळंतपण तिसरीकडं शहरात, आणि बाळाचे पहिले डोस पुन्हा माहेरी. एकाच बाईचे तुकडे दोन राज्यांच्या चार रजिस्टरांत. सासरच्या आशाताईच्या वहीत ती अर्धवट सोडून गेलेली दिसते, माहेरच्या वहीत उशिरा नोंद झालेली दिसते, आणि खरं तर तिनं सगळं वेळेत केलेलं असतं.

म्हणून नकाशा करायच्या आधी ठरवा की तुम्ही दवाखान्यावरचा भार दाखवताय का बायकांना मिळालेली सेवा दाखवताय. भार दाखवायचा असेल तर एचएमआयएस चांगलं. सेवा दाखवायची असेल तर बाईच्या गावावरनं मोजायला पाहिजे, आणि ते फक्त रजिस्टर किंवा तायी कार्डवरनं (कर्नाटकात गरोदर बाईला मिळतं ते नोंदीचं कार्ड) किंवा घरोघरी विचारूनच मिळेल.

एनएफएचएसबद्दलही (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाबद्दल) सांगतो कारण सगळे तिकडंच धावतात. २०१५-१६ ची चौथी फेरी आणि २०१९-२१ ची पाचवी, दोन्हींत जिल्ह्याचे आकडे आहेत, पाचवीत ७०७ जिल्हे. मुंबईची आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था हे करते आणि जिल्ह्याचं फॅक्टशीट कोणालाही उतरवून घेता येतं, त्यात पहिल्या तिमाहीतली तपासणी, चार तपासण्या, लोहाच्या गोळ्या, संस्थेतलं बाळंतपण, सिझेरियन, लसीकरण, बुटकेपणा सगळं आहे. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, धारवाड, विजापूर शेजारी शेजारी ठेवून बघायला ते उत्तम. आणि तिथं प्रश्न बाईला विचारलेला असतो, दवाखान्याला नाही, म्हणून कागलला बाळंत झालेली बाईसुद्धा त्यात नीट मोजली जाते. पण त्याच्यापेक्षा खाली, म्हणजे तालुका किंवा गाव, तो सर्व्हे तिथवर जात नाही. त्याचे जीपीएस बिंदू डीएचएसच्या (देशोदेशी असे सर्व्हे करणाऱ्या कार्यक्रमाच्या) डेटात असतात खरे, फक्त ते मुद्दाम हलवलेले असतात, शहरातले २ किलोमीटरपर्यंत, खेड्यातले ५ पर्यंत आणि खेड्यातले शंभरात एक १० पर्यंत, लोकांची ओळख कळू नये म्हणून. मग ५ किलोमीटरनं हललेल्या बिंदूपासून पीएचसीचं अंतर मोजून तुम्ही काय सिद्ध करणार? एका विद्यार्थ्यानं हे केलेलं मी वाचलंय आणि वाईट वाटलं, दीड वर्षाची मेहनत होती त्याची.

मातामृत्यूचा नकाशा तर गावपातळीवर करूच नका ताई. एसआरएसचा (सरकारच्या नमुना नोंदणीचा) माता मृत्यू दर राज्याचा असतो, तोही तीन वर्षं एकत्र करून. २०१८-२० चा कर्नाटकाचा ६९ आणि महाराष्ट्राचा ३३, एक लाख जिवंत जन्मांमागे. ज्याला लाखाचा भागाकार लागतो ते तुम्ही हजार वस्तीच्या गावावर कसं रंगवाल. एका घरात एक बाई गेली तर ते गाव लालभडक, आणि शेजारच्यात कोणी गेलं नाही तर हिरवं. त्यात अर्थ नाही, आणि त्या घराला त्रास मात्र आहे.

खानापूर_जंगलभाग

मी आरोग्य खात्यात खालच्या पातळीवर काम करतो, खानापूर तालुक्यात. नकाशाचं मला फार कळत नाही खरं अंतराचं कळतं.

ताई ते वर्तुळ काढूच नका बगा. सरळ रेषेत कोण जातंय? आमच्याकडं भीमगडच्या जंगलात गवाळी, कोंगळा, आमगाव अशी गावं हायत. वर्तुळात बघितलं तर जवळ दिसतील, खरं जून लागला की नाला भरतो आणि मग तो नाला उतरेपर्यंत पलीकडची बाई पलीकडंच. पेशंटला खुर्चीला नायतर लाकडाला बांधून खांद्यावरनं आणलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा स्वतः खांदा दिलाय. पुढं दोघं, मागं दोघं, वरनं पाऊस, आणि त्या बाईच्या हातात तायी कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेलं, भिजू नये म्हणून. ती पोचली, बाळही बरं हाय. कार्डावर नुसतं लिहिलेलं असतंय संस्थेत बाळंतपण. तो रस्ता कुठल्याच रकान्यात येत नाही की ओ.

कणकुंबी जांबोटीकडं पाऊस किती असतोय ते सगळ्यांना माहीत हाय. तेव्हा उन्हाळ्यातला नकाशा वेगळा आणि पावसाळ्यातला वेगळा करा, ही माझी विनंती.

आणि ऊसतोडीच्या बायकांना विसरू नका. दिवाळी झाली की बीडकडनं टोळ्या येतात, कारखान्याच्या तळावर खोपी पडतात, त्यात आठवा-नववा महिना भरलेल्या बायका असतात. त्यांचं गाव बीड, कार्ड बीडचं, बाई रायबागच्या फडात. जनगणनेच्या कुठल्या गावात तुम्ही तिला टाकणार ते मला सांगता येत नाही, खरं सोडून देऊ नका.

चिकोडीचा_नकाशेवाला

खानापूरच्या दादांनी जे सांगितलं ते करायला फुकटातलं साधन आहे. डब्ल्यूएचओचं (जागतिक आरोग्य संघटनेचं) ॲक्सेसमॉड. त्याला उंचसखलपणा, जमिनीचा प्रकार, रस्ते, नद्या-नाले आणि दवाखाने द्यायचे, कुठल्या रस्त्यावर किती वेग ते आपण लिहायचं, आणि ते प्रत्येक ठिकाणापासून जवळच्या दवाखान्याला लागणारा वेळ काढून देतं. नाला अडथळा म्हणून टाकता येतो. उन्हाळ्याला पूल आणि पायवाट चालू, पावसाळ्याला बंद, असं दोनदा चालवा, दोन नकाशे मिळतील. उंचीसाठी एसआरटीएमचा ३० मीटरच्या चौकोनांचा डेटा, जमिनीसाठी वर्ल्डकव्हरचा १० मीटरचा, दोन्ही फुकट. खेड्यातल्या रस्त्यांसाठी पीएमजीएसवायचा (पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा) जिओसडक डेटा २०२२ पासून सगळ्यांना खुला आहे, तोही ओपनस्ट्रीटमॅपशी ताडून बघा, आपल्या भागात कधी ह्यात रस्ता असतो तर त्यात नसतो. वर्ल्डपॉपचा १०० मीटरचा लोकसंख्येचा ग्रिड (चौकोनांची जाळी) वरनं टाकला की एका तासाच्या आत किती लोक आणि बाहेर किती तेही निघतं.

ॲक्सेसमॉड जड वाटलं तर ओआरएस टूल्स प्लगइन वापरा, फुकट की (वापरायचा कोड) मिळते, रोजची मर्यादा आहे पण प्रबंधाला पुरते. तिच्यानं गाडीनं अर्ध्या तासात कुठवर पोचतो असे पट्टे निघतात. निपाणी, चिकोडीसारख्या सपाट भागाला ठीक, खानापूरच्या जंगलाला मात्र चालणार नाही कारण तिला नाला भरलेला कळत नाही.

बाळंतखोलीत_२२_वर्षं

मी लेबर रूममध्ये आयुष्य काढलेली सिस्टर आहे, म्हणून थोडं लिहिते.

वेळ का मोजायचा ते पोरींना कळलं पाहिजे. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि काही केलं नाही तर हातात साधारण दोन तास असतात. म्हणून किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा अभ्यास झाला होता, १६२० बायका होत्या, गोळ्या देणाऱ्या गावातल्या नर्सबाया होत्या, आणि रक्तस्राव १२ टक्क्यांवरनं ६.४ वर आला. २००६ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं ते. आपल्या खेड्यातल्या बायकांनी जगाला दिलेलं आहे हे, त्यामुळं आपल्याकडं काय अभ्यास होणार असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

आणि निपाणीच्या पोरी, जवळचा दवाखाना म्हणजे कुठला ते आधी ठरव. पीएचसी जवळ आहे, पण तिथं रक्त नाही आणि रात्री सिझर होत नाही. साध्या बाळंतपणाला एक नकाशा आणि अडलेल्या बाळंतपणाला दुसरा. दुसऱ्यात फक्त तेच दवाखाने धर जिथं ऑपरेशन आणि रक्त दोन्ही मिळतं. मग बघ हद्दीपलीकडचे दवाखाने का धरायला लागतात ते. बाईला कळा आल्या की ती कुठल्या राज्याचा दवाखाना ते विचारत नाही.

निपाणीची_सिस्टर

काय लिहू, डोळे उघडले. वर्तुळ नीट आलं, ३२६४३ केल्यावर लगेच. खानापूरच्या दादांचं वाचून मी रात्री बराच वेळ काहीच केलं नाही, नुसती बसून राहिले. माझ्या वहिनीचं पहिलं बाळंतपण असंच झालं, सासर कोगनोळी, माहेर गडहिंग्लजकडचं, आणि तिची नोंद इकडं अर्धवट म्हणून पडलीय, म्हणजे माझ्याच घरातली बाई माझ्याच तक्त्यात सेवा न मिळालेली म्हणून मोजली गेली असती.

आता ठरवलंय की एचएमआयएस फक्त दवाखान्यावरचा भार दाखवायला आणि मुख्य काम बाईच्या गावावरनं. रजिस्टर बघायची परवानगी मागितलीय, एथिक्स कमिटीत दुरुस्ती टाकतेय. घरी जाऊन विचारायचं झालं तर मोबाईलवर काय वापरू? आणि घराचं जीपीएस घेऊ का?

आकडे_आणि_माणसं

कोबोटूलबॉक्स घ्या, फुकट आहे, रेंज नसली तरी फॉर्म भरता येतो आणि नंतर पाठवता येतो. फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हींत करा, एकाच फॉर्ममध्ये भाषा बदलता येते, आपल्या भागात ते लागतंच. प्रश्नांत ही चार गावं वेगळी विचारा: सासर, माहेर, नाव कुठं नोंदवलं, बाळंतपण कुठं झालं. एकच गाव असा रकाना ठेवलात तर सगळं मुसळ केरात.

घराचं जीपीएस घेऊ नका. गावाचा मध्यबिंदू पुरे, वाडी लांब असेल तर वाडीचा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची संशोधनातल्या नीतीची मार्गदर्शक तत्त्वं बघा, कमिटी तेच विचारणार. ज्या गावात पाचपेक्षा कमी बायका असतील ते शेजारच्या गावाशी जोडून दाखवा. गावात सगळ्यांना माहीत असतं कोण कधी बाळंत झालं, नुसत्या बिंदूवरनं नाव ओळखतात.

दर काढल्यावर जिओडा ह्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, तेही फुकट. त्यात एम्पिरिकल बेज ह्या पद्धतीनं छोट्या गावांचे उड्या मारणारे दर सावरता येतात, आणि मोरान्स आय हा आकडा काढून सेवा न मिळालेली गावं एकत्र गटानं आहेत का विखुरलेली ते कळतं. फक्त शेजारी ठरवताना कागल, गडहिंग्लज, शिरोळकडची गावंही फाईलीत असू द्या. हद्दीवर नकाशा कापला तर कोगनोळीला उत्तरेला शेजारीच राहत नाही.

निपाणीची_सिस्टर

चार गावांचे रकाने केले. कालच वहिनीला बसवून पहिला फॉर्म भरून बघितला, चारही रकान्यांत वेगवेगळी गावं आली. ती म्हणाली आधी कुणी असं विचारलंच नव्हतं, सगळे फक्त गाव कुठलं विचारतात आणि मला कळत नाही कुठलं सांगू.

खानापूरचे दादा, पावसाळ्यातला नकाशा करायचाच आहे. पण जंगलातल्या वाटेवर चालायचा वेग किती धरू? पुस्तकातला आकडा टाकायला मन होईना.

खानापूर_जंगलभाग

पुस्तकातला टाकू नका. जुलैत माझी गवाळीकडं फेरी असते. फोनमध्ये ट्रॅक लावून चालतो, जाताना एकटा आणि येताना चौघं मिळून खुर्ची घेऊन, म्हणजे दोन्ही वेळ मिळतील. नाल्यापाशी थांबावं लागलं तर तोही वेळ लिहून ठेवतो. ट्रॅक कसा पाठवायचा तेवढं सांगा.